ऑब्लेट म्हणजे नेमकं काय अन् हा शब्द आला कुठून: संत्रा हातात घेऊन शिकायची पद्धत

इंग्रजीत आकार सांगणारे शब्द ढिगाने आहेत, ओव्हल, ऑब्लाँग, कॉर्डेट, रेनिफॉर्म, लेंटिक्युलर, आणि आपल्याकडे नागपुरात नीट-जेईईवाले पोट्टे असोत की एमपीएससीचा भूगोल करणारे, सगळे हे शब्द यादी करून घोकतात, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि परीक्षा झाली की दोन्ही बाजू साफ. मला विचाराल तर आकाराचा शब्द ही घोकायची गोष्टच नाही. आधी तो आकार बघायचा, मग मोजायचा, आणि मूळ सगळ्यात शेवटी शोधायचं. क्रम उलटा केला तर काय घोळ होतो ते पुढे येतंच आहे. इथे एकच शब्द घेतो, ऑब्लेट, कारण तो भूगोलात येतो, फिजिक्समध्ये येतो, फळांच्या वर्णनात येतो, आणि त्याचा धागा ओढत गेलं की माणूस थेट हिंगणघाटला पोचतो.

स्पेलिंग ओ-बी-एल-ए-टी-ई. उच्चार ऑब्लेट, शेवट उशीरवाल्या ‘लेट’सारखा. जोर पहिल्या भागावर दिला काय अन् दुसऱ्यावर दिला काय, दोन्ही चालतं, त्यावर वेळ घालवू नका.

पहिलं काम: शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवून घ्या

नुसता शब्द नाही, वाक्य. विशेषण एकटं फिरत नाही, त्याच्यासोबत कोणतं नाम आहे त्यावर अर्ध कळतं. ऑब्लेट बहुतेक वेळा ‘स्फेरॉइड’ला, म्हणजे गोलासारख्या आकाराला, चिकटून येतो, ‘पृथ्वी ही ऑब्लेट स्फेरॉइड आहे’ हे वाक्य प्रत्येक गाइडमध्ये सापडेल. फळबागेच्या पुस्तकात तो ‘फ्रूट शेप’च्या रकान्यात येतो. आणि कधी एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या नावात येतो, तिथे तो विशेषण नाही तर नाम आहे आणि त्याचा आकाराशी काडीचा संबंध नाही. वाक्य लिहून ठेवलेलं असलं की आपण ह्यातल्या कोणत्या ऑब्लेटच्या मागे आहोत ते डिक्शनरी उघडायच्या आधीच ठरलेलं असतं.

आता आकार डोळ्यांनी बघा

एक जाड पुठ्ठा घ्या, लग्नपत्रिकेचा चालतो, आणि त्यातून लंबवर्तुळ कापा, साधारण सात सेंटीमीटर लांब अन् पाच रुंद. आता झाडूची एक सरळ काडी घ्या आणि सेलोटेपने त्या पुठ्ठ्यावर आडवी चिकटवा, आडवी म्हणजे लंबवर्तुळाच्या कमी मापाच्या दिशेने, बरोब्बर मधून. काडी दोन तळहातांमध्ये उभी धरून जोरात फिरवा, ताक घुसळताना रवी फिरते तशी. हवेत जो आकार दिसेल तो वरून-खालून दाबलेला आणि कमरेला फुगलेला. हाच ऑब्लेट.

मग काडी काढा आणि लांब मापाच्या दिशेने चिकटवून परत फिरवा. आता जो दिसतो तो उभट, रग्बीच्या बॉलसारखा, आणि त्याला म्हणतात प्रोलेट. पुठ्ठा तोच, बदलली फक्त काडी. म्हणजे ऑब्लेट म्हणताना कोणत्या अक्षाभोवती हे मनात धरावंच लागतं, अक्ष हा बाकीच्या मापापेक्षा आखूड असला तर ऑब्लेट, लांब असला तर प्रोलेट. ‘चपटा गोल’ एवढं पाठ करणारे नेमका हा अक्षच विसरतात, आणि मग एमसीक्यूमध्ये दोन्हीची अदलाबदल करून बसतात.

मग मोजा

हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात केलं तर मजा, कारण तेव्हा आंबिया बहाराचा संत्रा गल्लीगल्लीत हातगाडीवर असतो. नसेल तर मोसंबी घ्या, टोमॅटो घ्या. संत्र्याचा अक्ष म्हणजे देठापासून बुडापर्यंतची रेघ. व्हर्निअर कॅलिपर घरी कोणाकडे असतो, म्हणून साधी युक्ती: टेबलावर दोन जाड पुस्तकं उभी करा, मधे संत्रा ठेवा, दोन्हीकडून हलकं टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. एकदा संत्रा आडवा ठेवून देठ ते बूड, एकदा कमरेचं. एक अडचण आपल्या संत्र्याची अशी की पुष्कळदा देठाशी त्याला मान असते, तो उंचवटा धरला तर उंची उगाच वाढते, म्हणून मान नसलेला गुळगुळीत नग निवडा.

समजा कमर भरली ७० मिलिमीटर आणि उंची ६२. फरक ८, त्याला ७० ने भागा, आले ०.११. ह्या आकड्याला इंग्रजीत फ्लॅटनिंग म्हणतात, गोल किती चपटा आहे त्याचं माप. शून्य आलं तर पक्का गोल.

आता हेच पृथ्वीला लावा. विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६३५७, फरक जेमतेम २१ किलोमीटर, आणि फ्लॅटनिंग येतं १ भागिले २९८ च्या आसपास. पृथ्वी आपल्या त्या ७० मिलिमीटरच्या संत्र्याएवढी केली तर तिचा चपटेपणा भरेल पाव मिलिमीटरहून कमी, म्हणजे झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवल्याएवढा. हाताला कळणार नाही, डोळ्याला तर नाहीच. शाळेत आपल्याला पृथ्वी संत्र्यासारखी चपटी म्हणून शिकवलं ते दिशेने बरोबर आहे, पण प्रमाण फारच फुगवलेलं आहे. त्या संत्र्याशी खरा जुळतो तो शनी: विषुववृत्तावर व्यास सुमारे १,२०,५०० किलोमीटर, ध्रुवांमधून सुमारे १,०८,७००, फ्लॅटनिंग जवळपास ०.१०. चांगल्या टेलिस्कोपमधून शनी चपटा दिसतोसुद्धा.

आणि हो, फळशास्त्रवाले आपल्या नागपुरी संत्र्याला बऱ्याचदा ऑब्लेट न म्हणता ‘सबग्लोबोज’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ गोल. मँडरिन गटाच्या इतर जातींना मात्र ऑब्लेट सर्रास लावलेलं दिसेल. तुमच्या हातातला नग कोणत्या बाजूचा आहे हे पट्टी सांगते, म्हणून तर मोजायचं.

डिक्शनरी, पण कोणती

अर्थासाठी कोणतीही चालेल. मुळासाठी नाही. छापील लर्नर्स डिक्शनरीत बहुधा शब्दाचं मूळ दिलेलंच नसतं, तिचं ते कामच नाही. जुनी कन्साइज ऑक्सफर्ड असेल तर उत्तम, त्यात नोंदीच्या शेवटी चौकोनी कंसात मूळ असतं, आणि नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत ती सापडली तर सोडू नका, आकार-बिकार, लॅटिन-ग्रीक अशा शब्दांसाठी दहा वर्षं जुनी डिक्शनरी काही शिळी होत नाही. मोबाइलवर मेरियम-वेब्स्टर उघडा आणि अर्थावर न थांबता खाली सरकत जा, तिथे उगम आणि पहिल्या वापराचं साल असतं. फक्त मुळासाठी एटिमऑनलाइन, फुकट आहे अन् भाषा सोपी आहे.

एकाच ठिकाणी बघून थांबू नका, दोन ठिकाणी बघा. गुगलने वर दोन ओळीत जे दिलं ते वाचून बंद करणारे पुष्कळ आहेत, पण त्या दोन ओळीत नेमकं मूळ कापलेलं असतं.

शब्द फोडा, इथेच खरी गंमत आहे

ऑब्लेट फोडला की ‘ऑब’ आणि ‘लेट’. ऑब हा लॅटिन उपसर्ग, अर्थ ‘कडे’, ‘समोर’, कधी ‘विरुद्ध’. लेट हा आला लॅटिन ‘लाटुस’वरून, अर्थ ‘वाहून नेलेला’, ‘आणलेला’. लॅटिनमध्ये वाहणे, नेणे ह्याला क्रियापद आहे ‘फेर्रे’, आणि ते इतकं वाकडं की त्याची रूपं तीन वेगवेगळ्या तोंडांची: फेरो, तुली, लाटुस. म्हणून इंग्रजीत एकाच क्रियापदाची पोरं दोन वेशात फिरतात, ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट, रेफर आणि रिलेट, कन्फर आणि कोलेट. हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

आपल्या कानाला अजून जवळचं सांगतो. ह्या ‘फेर्रे’चा भाऊबंद संस्कृतात आहे, भृ धातू, ज्यातून भरति, भार, आणि आपलं भारा, भारी. आणि ‘लाटुस’ ज्या मुळातून आला त्याच मुळातून संस्कृतात ‘तुला’ आली, म्हणजे तराजू, आपली तूळ रास आणि तोलणं तिथलंच. लाटुसच्या तोंडचा ‘त’ लॅटिनमध्ये गळून पडला म्हणून नातं वरवर दिसत नाही.

आता घोळ. माझी भाची बारावीला आहे, तिने एकटीने हा शब्द शोधला आणि सरळ मुळापासून सुरुवात केली, आकार-बिकार काही न बघता. तिला सापडलं की ‘ऑब्लाटुस’ म्हणजे ‘अर्पण केलेला’. मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी, “मामा, हे काय लिहून आहे? पृथ्वी कोणी कोणाले अर्पण करून राहिलं?”

प्रश्न एकदम रास्त आहे. ‘ऑब’ अधिक ‘फेर्रे’ मिळून लॅटिनमध्ये ‘ओफेर्रे’ होतं, समोर नेणं, देऊ करणं, इंग्रजी ‘ऑफर’ तिथूनच, आणि त्याचंच भूतकाळी रूप ऑब्लाटुस. मध्ययुगात युरोपात लहान मुलं मठाला अर्पण करायचे, त्या मुलांना ऑब्लेट म्हणत, ते वर सांगितलेलं ख्रिस्ती नाम हेच. पण आकाराचा ऑब्लेट तिथून आलेला नाही. अक्षरं तीच, जन्म वेगळा.

तो जन्माला आला जोडीदारामुळे. ‘प्रोलेट’ आधी होता, ‘प्रो’ म्हणजे पुढे, प्रोलाटुस म्हणजे पुढे नेलेला, लांबवलेला, आणि लांबट गोलाला हे नाव अगदी चपखल. इंग्रजीत तो १६९० च्या दशकात दिसतो. मग लांबट गोलाच्या उलट जो दाबलेला गोल त्यालाही नाव हवं, तर प्रोलाटुसमधला ‘लाटुस’ उचलला, पुढे ‘ऑब’ लावला आणि जोडी पूर्ण केली. ऑब्लेट इंग्रजीत १७०५ च्या सुमाराचा. म्हणजे नुसत्या ऑब्लेटचे तुकडे कितीही जुळवा, ‘कडे नेलेला’ ह्यातून ‘चपटा’ निघत नाही. प्रोलेट शेजारी ठेवला तरच निघतो. माझं तर मत आहे की आकाराचा कोणताही शब्द घ्या, त्याचा उलटा शब्द सोबत शिकल्याशिवाय तो अर्धाच राहतो, कॉन्केव्ह-कॉन्व्हेक्स घ्या, अक्यूट-ऑबट्यूस घ्या, हाच प्रकार.

तीन लाटुस, अन् जेईईवाल्यांचा एक जुना ओळखीचा

मूळ शोधताना अजून एक खड्डा आहे. लॅटिनमध्ये तीन वेगवेगळे शब्द लिहायला सारखेच दिसतात. एक आपला, वाहून नेलेला. दुसरा लाटुस म्हणजे रुंद, त्यातून लॅटिट्यूड आणि डायलेट, डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात तो डायलेट. तिसरा लॅटुस, ह्यातला ‘ला’ आखूड, अर्थ बाजू, त्यातून लॅटरल, इक्विलॅटरल, आणि कॉनिक सेक्शनमधला लॅटस रेक्टम, ज्याचं दोन बी स्क्वेअर भागिले ए सगळ्यांना पाठ आहे पण अर्थ ‘सरळ बाजू’ एवढा साधा आहे हे कोणी सांगत नाही.

चपटा गोल म्हणजे रुंद गोल, म्हणून ऑब्लेटमधला लेट हा रुंदवाला असणार, असा तर्क सहज होतो आणि ऐकायला इतका पटतो की लोक वहीत लिहूनही टाकतात. चूक आहे. असा पटणारा तर्क डोक्यात आला की आधी दोन डिक्शनऱ्यांत तपासायचा, मगच लिहायचा.

शब्दामागचं भांडण

हे परीक्षेत येत नाही पण हे वाचलं की ऑब्लेट-प्रोलेटची अदलाबदल जन्मात होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

१६७२ मध्ये झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलवाला दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ. पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण कमी. न्यूटनने १६८७ च्या आपल्या प्रिन्सिपियात मांडलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून कमरेला फुगलेली असणार, म्हणजेच ऑब्लेट. फ्रान्सचे खगोलवाले कॅसिनी बापलेक मात्र आपल्या मोजणीवरून म्हणत होते की नाही, ती ध्रुवांकडे लांब आहे, म्हणजे प्रोलेट. दोन देश, दोन आकार, आणि भांडण मिटेना.

मग फ्रान्सने दोन तुकड्या धाडल्या. एक १७३५ मध्ये तेव्हाच्या पेरूकडे, आजचा इक्वेडोर, दुसरी १७३६ मध्ये मॉपर्टुई ह्या फ्रेंच गणितज्ञासोबत उत्तरेला लॅपलंडला. काम एकच, रेखावृत्तावर एक अंश अक्षांश चालायला किती अंतर लागतं ते मोजायचं. ध्रुवाजवळ जमीन चपटी असेल तर तिथला एक अंश लांब भरायला हवा. तसाच भरला. ऑब्लेट जिंकला.

आता आपल्याकडे या. विल्यम लॅम्बटन ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासपासून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, दक्षिणेकडून वर सरकत सरकत, आणि त्यात नुसते नकाशे करायचे नव्हते, पृथ्वी किती चपटी आहे हेही रेखावृत्ताच्या त्या लांबलचक कमानीवरून काढायचं होतं. हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये तो वाटेतच वारला, हिंगणघाटला, आणि त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटहून आपण हजारदा गाडीने जातो अन् पृथ्वीचा आकार मोजणारा माणूस तिथे आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं, आणि त्याच्या १८३० च्या आकड्यांत फ्लॅटनिंग येतं साधारण १ भागिले ३००.८. आजचा उपग्रहांच्या जमान्यातला आकडा १ भागिले २९८.२५७. साखळ्या ओढून आणि बैलगाड्यांतून वजनदार थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, नेऊन काढलेला आकडा, कमाल आहे. नागपुरात विधान भवनाजवळ झिरो माइलला उभं राहिलं तर खांबाशेजारी जीटीएस कोरलेला दगड दिसतो, ते जीटीएस म्हणजे ह्याच मोजणीचं नाव.

दिसायला सारखे, पण वेगळे

‘ऑब’ने सुरू होणारे आकाराचे शब्द एकत्र ठेवून बघा, नाहीतर गोंधळ नक्की. ऑब्लाँग म्हणजे लांबट, त्यात ऑब अधिक लाँगुस, आणि तो बहुधा सपाट आकाराला लागतो, आयत, पान, टेबल. ऑब्लीक म्हणजे तिरपा. बॉटनीवाल्यांचा ऑब मात्र सगळ्यात वेगळा, तिथे त्याचा अर्थ सरळसरळ ‘उलटा’. ओव्हेट पान देठाकडे रुंद असतं, ते उलटं केलं की ऑबोव्हेट, आपल्या बदामाच्या झाडाचं पान बघा, टोकाकडे रुंद. कॉर्डेट म्हणजे हृदयाच्या आकाराचं, गुळवेलीचं पान, तिच्या शास्त्रीय नावात कॉर्डिफोलिया आहे ते म्हणूनच. ते उलटं केलं की ऑबकॉर्डेट, कुंडीत आपोआप उगवणारी ती तीन पानांची आंबुशी तोडून बघा, प्रत्येक पान म्हणजे देठावर उलटं ठेवलेलं पत्त्यातलं बदाम.

पण हा नियम ऑब्लेटला लावायचा नाही, ‘लेट’ नावाचा कोणताही आकार नाही जो उलटा करता येईल.

वहीत काय उतरवायचं

एका शब्दाला अर्ध पान द्या, जास्त नाही. वर ते मूळ वाक्य. खाली पेन्सिलने आकृती, आणि आकृतीत अक्ष दाखवलेला हवाच. मग तुम्ही स्वतः मोजलेल्या वस्तूचं माप, माझ्या भाचीच्या वहीत ‘संत्रा, कमर ७०, उंची ६२’ असं आहे. मग उलटा शब्द. मूळ एका ओळीत: प्रोलेटच्या जोडीने घडवलेला, लाटुस म्हणजे नेलेला, रुंद नव्हे. शेवटी तुमचं स्वतःचं एक इंग्रजी वाक्य, पृथ्वीवरचं नको, ते गाइडमधून आपोआप उतरतं. टोमॅटोवर लिहा, शनीवर लिहा, नाहीतर चिंबोराझोवर लिहा, इक्वेडोरमधला हा डोंगर एव्हरेस्टपेक्षा बराच बुटका, तरी पृथ्वीच्या केंद्रापासून त्याचं शिखर एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा सुमारे दोन किलोमीटर जास्त लांब आहे, कारण तो विषुववृत्ताच्या फुगवट्यावर बसलाय.

आठवड्याने वही न उघडता कोणाला तरी समजावून सांगा. समोरच्याने “मग प्रोलेट कोणता?” विचारलं आणि तुम्ही हातानेच काडी फिरवून दाखवली तर शब्द बसला. हात अडखळला तर पुठ्ठा परत काढा, डिक्शनरी नको.

पुढचा शब्द घ्यायचा तर लेंटिक्युलर घ्या, म्हणजे मसुरीच्या दाण्याच्या आकाराचा. लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर, आणि काचेच्या भिंगाला लेन्स हे नाव पडलं ते मसुरीच्या दाण्यावरून. सामान घरातच आहे, फक्त डाळ नको, अख्खा मसूर घ्या, डाळीचा दाणा एका बाजूने सपाट असतो.